लेन्सवर संशय शेवटी: जुन्या टेलिफोटोची चिऱ्याच्या भिंतीसमोर परीक्षा

माझी एक २०० मिमी एफ/४ टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, मी दोन वर्षं बिनकामाची ठरवून कपाटात डांबून ठेवली होती. तिचा गुन्हा एवढाच, की एप्रिलमधल्या एका सकाळी अकराच्या सुमारास पणजीतल्या कांपालच्या किनाऱ्यावरून मांडवीपलीकडचा रेइश मागूशचा किल्ला टिपला आणि रोल धुऊन आला तेव्हा तटबंदीच्या कडा ताकात कालवल्यासारख्या दिसल्या. लेन्स सॉफ्ट आहे, असा निकाल मी देऊन टाकला. पुढे एका जानेवारीत तीच लेन्स आणि तोच कॅमेरा ट्रायपॉडवर लावून कुंपणाच्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या, भिंतीची एक फ्रेम सहज मारली, तर निगेटिव्हवर चिऱ्याचं भोक न् भोक दिसत होतं. तापलेली हवा, हातात धरलेला कॅमेरा आणि लॅबचा स्वस्तातला स्कॅन या तिघांचा उद्योग तिच्या नावावर चढला होता. कपाटातल्या दोन पावसाळ्यांत तिला कडेला बुरशी धरली, ती शिक्षा वेगळीच.

आपल्याकडे अशा लेन्स येतात त्या कुणा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी केलेल्या, मामाच्या पेटीतून, गल्फहून परतलेल्या काकांच्या कपाटातून, नाहीतर जुन्या वस्तूंच्या बाजारातून. पेंटॅक्सची १३५ किंवा २०० मिमीची टाकुमार, निकॉनची १३५ मिमी निकॉर, पूर्व जर्मनीची झाइस येना सोनार १३५ मिमी एफ/३.५, सोव्हिएत ज्युपिटर-३७ए, ही त्यातली नेहमी भेटणारी नावं. हातात आल्यावर पहिला प्रश्न एकच असतो, ही शार्प आहे का? उत्तरासाठी एक रोल आणि एक सकाळ पुरते. मात्र क्रम पाळायचा. लेन्सचा दोष काढण्याआधी बाकीचे सगळे संशयित एकेक करून सोडून द्यायचे.

आधी टॉर्चखाली

लेन्सवर फिल्टर असेल तर तो काढून बाजूला ठेवा. जुना, स्वस्त यूव्ही फिल्टर वाइड लेन्सवर खपून जातो. टेलिफोटोवर त्याची किंचित वाकडी काचही चित्र बिघडवते. मग ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं भोक (एफचा आकडा मोठा तितकं ते बारीक), पूर्ण उघडा (एम-४२ आट्याच्या, म्हणजे स्क्रूसारख्या फिरवून बसवायच्या, लेन्सवर ऑटो-मॅन्युअलची कळ असते, ती मॅन्युअलवर करा), समोरून तिरका टॉर्च मारा आणि मागून बघा.

धूळ दिसेलच. ती सोडून द्या. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडाही शार्पनेसचं फारसं वाकडं करत नाही, तो फक्त किंमत पाडून मागायला उपयोगी. मागच्या काचेवरचा ओरखडा मात्र गांभीर्याने घ्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. काचेवर दुधाची साय धरल्यासारखा पडदा दिसला तर तो बहुधा फोकसच्या आट्यांतल्या ग्रीसची वाफ काचेवर बसल्याचा. त्याने रेषा फुटत नाहीत, पण कॉन्ट्रास्ट पार बसतो आणि फोटो धुतल्यासारखा दिसतो. कडेला इंद्रधनुष्यी डाग किंवा बुडबुड्यासारखी चकती असेल तर दोन काचांमधला चिकटवा सुटलेला आहे. त्यावर घरी उपाय नाही.

आता ॲपर्चरची पाती. ॲपर्चर बारीक करा, कळ असेल तर ऑटोवर परत आणा, आणि लेन्सच्या मागची पिन दाबून सोडा. पाती झटकन मिटायला आणि उघडायला हवीत. आपल्या उकाड्यात जुनं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं आणि ती आळसावतात. अशी लेन्स एफ/११ वर लावली तरी शटर उघडतं तेव्हा पाती अर्ध्या वाटेवरच असतात. फोटो जास्त उजळ येतो, आणि तुम्ही वहीत लिहिलेला एफ/११ खोटा ठरतो.

स्क्रूंची डोकी घासलेली दिसली तर ही लेन्स कुणीतरी आधी उघडली आहे. एखादी काच किंचित तिरकी बसली असू शकते. तशी नोंद करून ठेवा, पुढे एका कोपऱ्याची तक्रार निघाली तर ही नोंद आठवेल.

मग कॅमेऱ्याची पाळी

फिल्म कॅमेऱ्यात तुम्ही फोकस करता ते व्ह्यूफाइंडरच्या काचेवर, आणि चित्र उमटतं फिल्मवर. चित्र व्ह्यूफाइंडरकडे वळवणारा आतला आरसा किंवा ती काच केसभर जरी सरकली असली तरी डोळ्याला शार्प दिसलेलं फिल्मवर सॉफ्ट येतं. मग लेन्स बदला नाहीतर डोळे, फरक पडत नाही.

तपासायची जुनी युक्ती अशी: कॅमेरा रिकामा करा, मागचं झाकण उघडा, शटर ‘बी’वर ठेवून केबल रिलीजने (शटरचं बटण दाबायच्या तारेने) उघडं अडकवून ठेवा. चौकटीलगतच्या आतल्या दोन पट्ट्यांवर दुधी रंगाची चिकटपट्टी ताणून लावा. शटरच्या पडद्याला बोट लावू नका. कापडी पडदा असेल तर श्वाससुद्धा जपून. चिकटपट्टीवर समोरच्या दृश्याचं उलटं चित्र दिसेल. आता कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून, लेन्स पूर्ण उघडी ठेवून, लांबच्या एखाद्या विजेच्या खांबावर पट्टीवरच्या चित्राकडे बघत भिंगाने फोकस साधा. अंतराच्या रिंगवर पेन्सिलीने बारीक खूण करा. मग पट्टी काढा, शटर मिटवा आणि त्याच खांबावर व्ह्यूफाइंडरमधून फोकस करा. खूण जुळली तर कॅमेरा सुटला. जुळली नाही तर आधी कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याकडे जा. पुढचं सगळं त्यानंतर.

व्ह्यूफाइंडरच्या मधोमध दोन अर्धगोल असतील तर लक्षात ठेवा, एफ/५.६ पेक्षा बारीक लेन्सवर त्यातला एक अर्धा काळा पडायला लागतो. तेव्हा भोवतालच्या साध्या दुधी काचेवर फोकस करायचा. आणि चाळिशी लागली असेल तर चष्मा घाला. मी हे स्वाभिमानापायी एक पूर्ण रोल घालवून शिकलो आहे.

रोल कोणता

चाचणीला १०० आयएसओचा बारीक दाण्याचा ब्लॅक अँड व्हाइट रोल घ्या. कोडॅकचा टी-मॅक्स १०० किंवा इलफर्डचा डेल्टा १०० चालेल. ४०० चा रंगीत रोल लावाल तर लेन्सपेक्षा दाणेच मोजत बसाल.

कोडॅक टी-मॅक्स १०० साठी दोन आकडे देते: ठळक काळ्या-पांढऱ्या रेषा असतील तर मिलिमीटरला २०० रेषाजोड्या (एक काळी, एक पांढरी मिळून जोडी), आणि फिक्या, एकमेकींत मिसळणाऱ्या रेषा असतील तर फक्त ६३. फिल्म तीच, पण कॉन्ट्रास्ट घटला की तिची ताकद तिपटीहून जास्त घसरते. खंड्याच्या पंखावरच्या रेषा काळ्या-पांढऱ्या नसतात, निळ्यावर निळ्या असतात. म्हणून साय धरलेली लेन्स छापील चार्टवर चांगले मार्क घेऊन जाते आणि पक्ष्यावर तोंडघशी पडते. एवढ्यासाठीच मी चार्टच्या जोडीला चिऱ्याची भिंत वापरतो.

दुसरी गोष्ट, निगेटिव्हवर जे दिसतं ते लेन्स आणि फिल्म दोघांचं मिळून असतं. ढोबळ हिशेबाने लेन्स १०० रेषाजोड्यांची आणि फिल्मही १०० ची असेल तर हातात ५० च पडतात.

भिंत, चार्ट आणि टेप

गिलावा न केलेली चिऱ्याची भिंत ही गोव्याने फोटोग्राफरला दिलेली फुकटची प्रयोगशाळा आहे. चिऱ्याची भोकं लहानमोठी, वेडीवाकडी, त्यांच्या कडा कुठे धारदार तर कुठे झिजलेल्या. सकाळचं तिरकं ऊन पडलं की प्रत्येक भोकात सावली भरते आणि भिंत अक्षरशः बोलायला लागते. रंगवलेली भिंत नको, शेवाळलेली नको. सकाळी पूर्वेचं ऊन कडेने घासून जाईल अशी बाजू निवडा.

चार्ट म्हणून अमेरिकन हवाई दलाचा १९५१ सालचा रेषांचा चार्ट वापरा. त्यात तीन आडव्या आणि तीन उभ्या रेषांचे संच असतात, प्रत्येक पुढचा संच आधीपेक्षा साधारण अकरा टक्क्यांनी लहान, सहा पायऱ्या उतरलं की बरोबर निम्मा. अशा सहा पायऱ्यांचा एक गट. मॅट कागदावर लेझर प्रिंटरने पाच प्रती काढा आणि लगेच पट्टीने मोजा: ‘उणे दोन’ गटातली पहिली रेषा २ मिमी रुंद आणि १० मिमी लांब असली पाहिजे. नसेल तर प्रिंटरने कागदात बसवायला चार्ट आकसून छापला आहे आणि पुढचे सगळे आकडे चुकतील. दुकानदाराला ‘मूळ आकारातच छापा’ असं दोनदा सांगा.

अंतराचा नियम सोपा आहे. लेन्सच्या फोकल लेंग्थच्या (तिच्यावरच्या मिमीच्या आकड्याच्या) ५२ पट अंतर, कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला फिल्मची जागा दाखवणारी जी गोल-आडव्या रेषेची खूण असते तिथपासून मोजायचं. १३५ मिमीला सुमारे ७ मीटर, २०० ला १०.४, ३०० ला १५.६. या अंतरावरून भिंतीचा प्रत्येक भाग फिल्मवर पन्नासपट लहान होऊन येतो. लेन्स कोणतीही असो, फ्रेममध्ये १.८ मीटर बाय १.२ मीटर एवढीच भिंत मावते. तेवढा चौकोन खडूने आखा, एक चार्ट मधोमध आणि चार कोपऱ्यांत चार चिकटवा. व्ह्यूफाइंडर प्रत्यक्षापेक्षा जरा कमीच दाखवतो, म्हणून कोपऱ्यांतले चार्ट कडेपासून वीतभर आत घ्या.

एक पाटीही हवी, खरीखुरी, खडूने लिहायची. तिच्यावर लेन्स, ॲपर्चर, शटर स्पीड लिहून ती मधल्या चार्टखाली टेकवा आणि प्रत्येक फ्रेमला पुसून नवं लिहा. वही हरवते, फ्रेमचे नंबर चुकतात, पण निगेटिव्हवरची पाटी कुठे जात नाही.

कॅमेरा भिंतीला समांतर आहे की नाही, हे नजरेच्या भरवशावर सोडू नका. मधल्या चार्टवर एक छोटा सपाट आरसा भिंतीला टेकवून धरायला कुणाला तरी सांगा. व्ह्यूफाइंडरमध्ये तुमच्याच लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यावर दिसेपर्यंत कॅमेरा हलवा. चिऱ्याची भिंत स्वतः फार सपाट नसते, म्हणून आरशामागे एखादी फळी किंवा जाड वही धरली तर बरं. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि तिला वगळलं की कोपऱ्यांबद्दल काहीही बोलायचा हक्क राहत नाही.

हलणं

माझ्या अनुभवात सॉफ्ट म्हणून बदनाम झालेल्या टेलिफोटोंपैकी बहुतेक इथे निर्दोष सुटतात.

पहिला शत्रू वारा. शाळेत आपण मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले ते आता कामाला येतील. रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सकाळी ओसरत जातो, आणि जमीन तापली की दुपारकडे खारा वारा सुटतो. मधला स्तब्ध काळ आपला. हिवाळ्यात साधारण साडेआठला ऊन पुरेसं वर आलेलं असतं आणि सड्यावरची हवा अजून थरथरायला लागलेली नसते.

ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका. पाय पक्क्या जमिनीवर. लाकडी माडीवर, धक्क्यावर किंवा पुलावर चाचणी घेऊ नका. ट्रायपॉडला पिशवी लटकवायचा सल्ला सगळे देतात, पण ती वाऱ्यात झुलते आणि मदतीऐवजी त्रास देते. त्यापेक्षा दोन किलो उकडे तांदूळ कापडी पिशवीत भरून पिशवी लेन्सच्या नळीवर आडवी टाका. कंप शोषून घेण्यात उकड्या तांदळाचा हात धरणारं काही मी अजून पाहिलेलं नाही, आणि चाचणी झाली की पेज होते.

दुसरा शत्रू कॅमेऱ्याच्या पोटातला. आरसा वर आपटतो तेव्हा सगळा कॅमेरा हादरतो, आणि २०० मिमीच्या लेन्सवर तो हादरा फिल्मवर स्पष्ट उमटतो. सर्वांत वाईट पट्टा साधारण १/४ ते १/३० सेकंदाचा. ऑलिम्पस ओएम-१ वर आरसा आधीच वर उचलून ठेवायची कळ आहे, ती वापरा. निकॉन एफएम-२ वर सेल्फ टायमर लावला की आरसा सुरुवातीलाच वर जातो आणि शटर नंतर उघडतं. पेंटॅक्स के-१००० वर यातलं काहीच नाही, सेल्फ टायमरसुद्धा नाही. तिथे केबल रिलीज घ्या आणि शटर वेगवान ठेवा.

सकाळच्या उन्हाचा हिशेब इथे नेमका बसतो. १०० आयएसओला भर उन्हात एफ/१६ वर १/१२५ लागतं; सकाळच्या उन्हात प्रकाश साधारण एक स्टॉप, म्हणजे निम्म्याने, कमी धरा. तर एफ/४ ला १/१०००, एफ/५.६ ला १/५००, एफ/८ ला १/२५०, एफ/११ ला १/१२५ आणि एफ/१६ ला १/६०. महत्त्वाची ॲपर्चर सगळी वाईट पट्ट्याच्या बाहेर राहतात. हीच चाचणी सावलीतल्या भिंतीवर घेतली की एफ/११ ला १/१५ लागेल आणि तुम्ही लेन्सऐवजी आरशाची परीक्षा घेत बसाल.

प्रकाशाचं मीटर-माप भिंतीवरून घेऊ नका. चिरा गडद असल्यामुळे चार्टचा पांढरा कागद जास्त उजळतो आणि काळ्या रेषा कडेने खाल्ल्या जातात. उन्हात धरलेल्या तळहातावरून मीटर घ्या आणि एक स्टॉप वाढवा.

फोकस, आणि छत्तीस फ्रेमचा हिशेब

एफ/४ वर, या अंतरावरून, चाचणीच्या कडक मापाने शार्प पट्टा पुढे-मागे मिळून जेमतेम वीस सेंटिमीटरचा असतो. एकदा फोकस करून दहा फ्रेम मारल्या आणि तो फोकस चुकला असेल तर दहाच्या दहा फुकट. म्हणून प्रत्येक फ्रेमआधी रिंग पूर्ण फिरवून फोकस नव्याने करा, एकदा अनंताकडून येत, एकदा जवळून येत. नंतर त्यातली सर्वांत चांगली फ्रेम लेन्सची, बाकीच्या तुमच्या.

एका २०० मिमी एफ/४ साठी मी रोल असा खर्च करतो. एफ/४ वर चार, ५.६ आणि ८ वर तीन-तीन, ११ आणि १६ वर दोन-दोन. मग कॅमेरा ट्रायपॉडवरच उलटा करून एफ/४ वर दोन. त्या का, ते पुढे येईल. पिवळा फिल्टर लावून दोन. दोन फ्रेम शिडीच्या: कुंपणावर काडेपेट्या हातभर अंतराने, एकीमागे एक, तिरक्या रांगेत मांडायच्या, मधलीवर फोकस करायचा. इथपर्यंत वीस झाल्या. आठ लांबच्या दृश्यासाठी आणि शेवटच्या आठ हातात धरून.

लांबचं दृश्य आवश्यक आहे, कारण काही लेन्स दहा मीटरवर छान असतात आणि अनंतावर पोचतच नाहीत, विशेषतः कुणी उघडून पुन्हा बसवलेल्या. उलट फ्लोराइट किंवा ईडी या, रंगांचं पांगणं आवरणाऱ्या, खास काचेच्या काही टेलिफोटो अनंताच्या खुणेपुढेही फिरतात. तो दोष नाही, उष्णतेने मापं बदलतात म्हणून ती मुद्दाम ठेवलेली सवलत आहे. त्यामुळे रिंग टोकाला टेकवून ‘अनंत झालं’ असं समजू नका, डोळ्यांनी फोकस करा. विषय म्हणून मंगेशीच्या दीपस्तंभासारखं, आकाशावर कडा उठणारं काहीतरी घ्या, किंवा माडाच्या झावळ्या. पाऊस उघडल्यानंतरची धुतलेली हवा यासाठी सगळ्यात उत्तम. एप्रिलमध्ये अकरा वाजता नदीपलीकडचा किल्ला घेतला तर काय होतं, ते वर सांगितलंच आहे.

धुणं आणि बघणं

रोल घरी धुणार असाल तर पाण्याचं तापमान सांभाळा. डी-७६ सारख्या डेव्हलपरच्या वेळा २० अंशांच्या असतात आणि आपल्या नळाला पाणी येतं ते तीसच्या आसपासचं. गरम पाण्यात वेळ इतका कमी होतो की डेव्हलपिंग एकसारखं होत नाही. परातीत बर्फाचं पाणी घालून बाटल्या त्यात ठेवा, थर्मामीटर बुडवून ठेवा. निगेटिव्ह गरजेपेक्षा काळी होऊ देऊ नका, काळेपणाबरोबर बारीक रेषा भरून जातात. लॅबमध्ये देणार असाल तर फक्त धुऊन मागा.

स्कॅनवरून निकाल लावू नका. नेहमीचा लॅब-स्कॅन लांबीला ३००० पिक्सेलचा असतो, फिल्म ३६ मिमी, म्हणजे मिलिमीटरला ८३ पिक्सेल. एक रेषाजोडी दाखवायला किमान दोन पिक्सेल लागतात, तेव्हा स्कॅनची मजल फार तर ४१ रेषाजोड्यांची. त्यापुढे उत्तम लेन्स आणि साधारण लेन्स यांत फरक दिसतच नाही, दोघी सारख्याच सॉफ्ट.

निगेटिव्ह थेट भिंगाखाली बघा. १० पटींचं भिंग नसेल तर २८ मिमीची लेन्स कॅमेऱ्यावरून काढून उलटी डोळ्याला लावा, जवळजवळ नऊ पट मोठं दिसतं. ५० मिमीची लेन्स पाच पट दाखवते. खालून प्रकाशासाठी मोबाइलचा पांढरा स्क्रीन चालतो, फक्त त्याच्यावर बोटभर अंतराने एक दुधी प्लास्टिक धरा, नाहीतर मोबाइलचे ठिपकेच दिसत राहतील.

चार्टवर तीन रेषा तीन म्हणून मोजता येतील असा सर्वांत लहान संच शोधा. पन्नासपट लहान झालेल्या चार्टवर ‘उणे एक’ गटाच्या सहा पायऱ्या फिल्मवर २५, २८, ३१, ३५, ४०, ४५ रेषाजोड्यांच्या, आणि ‘शून्य’ गटाच्या ५०, ५६, ६३, ७१, ७९, ८९ च्या. आकड्यांचा अर्थ असा लावा: हातात धरलेल्या प्रिंटवर डोळ्याला मिलिमीटरला पाच-एक रेषाजोड्या दिसल्या की प्रिंट शार्प वाटतं. आठ बाय दहा इंची प्रिंटला निगेटिव्ह साडेआठ पट वाढते. तेव्हा फिल्मवर ४० च्या वर गेलात तर त्या आकाराला लेन्स पास. काही जण ७१ की ७९ यावर तासन्‌तास वाद घालतात; त्यांना घालू द्या.

निकाल वाचताना

उघड्या ॲपर्चरला जरा मऊ, एफ/८ ला खणखणीत: जुन्या टेलिफोटोचा हा स्वभावच, तक्रार नाही. एफ/१६ आणि पुढे पुन्हा मऊ: प्रकाशाचं वळणं, ते महागातल्या महाग लेन्सलाही चुकत नाही, एफ/२२ ला मजल ढोबळमानाने ७० रेषाजोड्यांवर अडते, तीही लेन्स निर्दोष असेल तर.

उभ्या रेषा स्वच्छ आणि आडव्या फासलेल्या दिसल्या तर थांबा आणि मध्य बघा. मध्यातही तसंच असेल तर कॅमेरा वर-खाली हलला आहे, बहुतेक आरशाने. मध्य दोन्हीकडून स्वच्छ आणि कोपऱ्याकडे जाताना फरक वाढत गेला, तर तो लेन्सचा ॲस्टिग्मॅटिझम.

एकच कोपरा मऊ असेल तेव्हा उलट्या कॅमेऱ्याच्या दोन फ्रेम काढा. मऊपणा भिंतीच्या त्याच कोपऱ्याला चिकटून राहिला असेल तर तुमचा कॅमेरा समांतर नव्हता, आरशाची पायरी नीट झाली नाही. तो कॅमेऱ्याबरोबर फिरून समोरच्या कोपऱ्यात गेला असेल तर लेन्समधली काच तिरकी आहे. इथे ते घासलेले स्क्रू आठवतील.

काडेपेट्यांच्या रांगेत मधलीऐवजी पुढची किंवा मागची शार्प आली, तर चिकटपट्टीची परीक्षा पुन्हा घ्या. कॅमेरा खोटं बोलतो आहे.

पिवळ्या फिल्टरने झावळ्यांच्या किंवा चार्टच्या कडा स्पष्ट सुधारल्या, तर मऊपणा रंगांच्या पांगण्याचा आहे. निळा प्रकाश जरा वेगळ्या जागी फोकस होतो, आणि फोकल लेंग्थ वाढेल तसा हा दोष वाढत जातो. म्हणूनच कॅननने १९६९ मध्ये ३०० मिमीच्या लेन्समध्ये फ्लोराइट घातलं आणि निकॉनने पुढे ईडी काच आणली. साध्या काचेच्या जुन्या ३०० मिमीवर ब्लॅक अँड व्हाइट फिल्म वापरत असाल तर चांगला पिवळा फिल्टर कायमचा लावून टाका. सुरुवातीला फिल्टर काढायला सांगितला होता, आता लावायला सांगतो आहे, हे मला कळतं. तो वाईट होता, हा चांगला घ्या.

सगळीकडे, सगळ्या ॲपर्चरला, सगळ्या अंतरांवर मऊ, आणि हलणं-फोकस-हवा-स्कॅन यांपैकी कुणावर संशय उरला नाही, तर मग हो, लेन्स सॉफ्ट आहे.

हातातल्या आठ फ्रेम मी चोडणला घालवतो. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे, सलीम अली अभयारण्याच्या खारफुटीत, २०० मिमीला १/२५० पेक्षा कमी शटर नाही. भिंतीच्या फ्रेमशेजारी या ठेवून बघितल्या की माझा हात लेन्सच्या किती पायऱ्या खातो ते कळतं. माझ्या बाबतीत दोन, सकाळी चहा जास्त झाला असेल तर तीन.

चाचणी झाली की लेन्स तिच्या जुन्या चामडी डब्यात परत घालू नका. चामडं ओल धरून ठेवतं आणि आपल्या पावसाळ्यात तो डबा बुरशीची नर्सरी होतो. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचा रंग उतरला की कढईत मंद आचेवर परतून घ्या. आमच्याकडे दसऱ्याला कॅमेरे आणि लेन्स पूजेत मांडतात. गंध-फूल वाहून झालं की मी टॉर्च घेऊन बसतो आणि प्रत्येक लेन्सच्या कडा बघतो. कपाटात डांबलेल्या त्या २०० मिमीच्या कडेचा धागा तेवढाच आहे, गेल्या चार दसऱ्यांत वाढलेला नाही.